माझ्या पोटावरचा पोचा

मित्रांनो, मी एका शिपायाची जुनी पाण्याची बाटली. ॲल्युमिनियमचं अंग, वर खाकी जाड कापडाची खोळ आणि साखळीला लटकणारं झाकण, एवढाच माझा संसार. पोटावर एक मोठा पोचा आहे. त्या पोच्याने मला तेल्हाऱ्यात नाव मिळवून दिलं, आणि त्यानेच एक दिवस माझ्या मालकाला चारचौघांत उघडं पाडलं.

कारखान्यात माझ्यासारख्या ढीगभर बहिणी एकाच साच्यातून निघाल्या. मी आले ती शेषरावांच्या कमरेला. ते तेल्हाऱ्याचे. त्यांच्या तुकडीत त्यांच्याच आळीतला रामराव होता आणि अकोल्याचा वाहेद. एकाहत्तरच्या लढाईत या तिघांना उत्तरेकडच्या डोंगरावर पाठवलं. त्यांनी बर्फ पाहिला होता तो जत्रेतल्या गोळ्यापुरता. तिथे तो कमरेएवढा होता. रामराव तिथून परत आला नाही.

नोकरी संपली आणि शेषरावांबरोबर मी घरी आले. पुढची कितीतरी वर्षं दर सव्वीस जानेवारीला आम्हा दोघांना शाळेत बोलावणं असे. शेषराव मला उंच धरून सांगत, "गोळी सन्नकन आली आन् या बाटलीले लागली. हे नसती तं मी नसतो." पोरं माझ्या पोच्यात अंगठा घालून बघत. मला ते बरं वाटायचं, का वाटू नये? गोष्टीत रणगाडेही होते. पहिल्या वर्षी एक होता, पुढे त्यांची रांग लागली. पोरांचे डोळे जितके मोठे होत, तितके रणगाडे वाढत. सोहळा संपला की मी पुन्हा अडगळीतल्या खिळ्यावर. एकदा तर सुनेने माझ्यात रॉकेल भरून ठेवलं होतं.

या सगळ्या टाळ्यांत एक बाई कधी टाळी वाजवत नसे. ती सुभद्राबाई, रामरावची धाकटी बहीण. ती दरवर्षी यायची ती एका वाक्यासाठी. "रामरावले मी पानी पाजलं," असं शेषराव म्हणत आणि घाईघाईने रणगाड्यांकडे वळत. आपल्याकडे माणूस गेला की घरचे आधी विचारतात, शेवटी तोंडात पाणी पडलं का? सुभद्राबाईला तेवढं कळलं की ती पदर सावरून घरी जायची. त्या एका वाक्यावर तिने भावाचं दुःख निभावून नेलं होतं.

यंदा शाळेत सैनिकांच्या आठवणींची खोली करायचं ठरलं. इतिहासाच्या साधना मॅडमनी मला पुसायला घेतलं आणि माझी खोळ उतरवली. पोचा पाहिला, मग खोळ उजेडात धरली. तिला ना भोक, ना रफू. गोळी आत पोचली कुठून? शिवाय त्या उभ्या डोंगरावर रणगाडे चढले कसे? मॅडमनी शेषरावांना आदरानेच विचारलं, पण खोलीत आणखी चार माणसं होती आणि त्यांत सुभद्राबाईही होती. शेषराव आपली काठी शोधू लागले.

सुभद्राबाई म्हणाली, "भाऊ, गोळी खोटी. रणगाडे खोटे. मंग पान्याचंबी तसंच का?"

"पानी देल्लं व बाई," एवढंच बोलून शेषराव काठी टेकत निघून गेले. मला टेबलावर विसरले. असं याआधी कधी झालं नव्हतं.

सुभद्राबाईने अन्न टाकलं. पाण्याचा पेला तोंडाशी नेला की तिला भाऊ आठवे. साधना मॅडमच्या जिवाला ते लागलं. एका माणसाची थाप पकडताना त्यांनी दुसऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. म्हणून त्या सुभद्राबाईला आणि मला घेऊन अकोल्याला वाहेदभाईंकडे गेल्या. वाहेदभाईंचं गादी-रजईचं दुकान आहे. लढाईविषयी ते कधी बोलत नाहीत, कुठल्या स्टेजवरही चढत नाहीत. वाटेत मॅडमनी बजावलं, "शेषरावकाका काय सांगतात ते त्यांना कळू द्यायचं नाही. आपण उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. फक्त ऐकायचं."

वाहेदभाईंनी मला हातात घेतलं आणि आपसूक पोच्यावर अंगठा ठेवला. "हे शेषरावची. त्यानं दगडावर आपटली होती."

"काहून?" सुभद्राबाईने विचारलं.

"आतमंदी पानी कुठं होतं, बाई. सारा बर्फ झाल्ता. दुपारची येळ. रामराव पानी, पानी करून राहिला होता. शेषरावनं खोळ काढली आन् दगडावर आपटत राहिला. बर्फाचा चुरा निंघाला. पन रामरावचे ओठ थंडीनं फाटले होते, त्याच्यानं बर्फ घेववेना. मंग शेषरावनं तो आपल्या तोंडात धरला, त्याचं पानी झालं, आन् ते त्याच्या तोंडात थेंब थेंब सोडलं. रामरावनं गिळलं. मी त्याचं डोकं धरून बसलो होतो."

त्यांनी मला मांडीवर ठेवलं. "मंग शेषराव रडाले लागला. म्हने, वाहेद, आखरीचं पानी मी त्याले उष्टं पाजलं. त्याच्या घरी सांगू नोको. मी कोनाले नाही सांगतलं. आज तुमी इचारलं म्हून."

"आणि रणगाडे?" मॅडमनी विचारलं.

"तिथं खेचर चढत नव्हतं, मॅडम."

मित्रांनो, वाहेदभाई खरं बोलले. फक्त दुपार नव्हती, सूर्य नुकता वर आला होता. खऱ्या माणसाचीही आठवण थोडी सरकतेच. शेषरावांनी मात्र जिथे टाळ्या मिळत तिथे भर घातली होती, आणि जिथे लोक बोल लावतील असं वाटलं तिथे कात्री चालवली होती. सगळ्यांना त्यांची भर दिसली. कात्री कुणालाच दिसली नव्हती.

तेल्हाऱ्याला उतरताच सुभद्राबाई आपल्या घरी गेली नाही. ती थेट शेषरावांच्या अंगणात आली. शेषराव बाजेवर बसले होते. मॅडमच्या हातातली मी दिसताच त्यांनी मान खाली घातली. सुभद्राबाईने सुनेकडून पाण्याचा गिलास मागून घेतला. "भाऊ, घ्या." त्यांनी काही न कळून एक घोट घेतला. तिने गिलास त्यांच्या हातातून काढून घेतला आणि उरलेलं पाणी तिथेच उभ्याने पिऊन टाकलं.

"रामरावनं लहानपनी माह्यंच उष्टं खाल्लं," ती म्हणाली. "त्याले उष्ट्याचं का वाटनार?"

शेषराव पोरासारखे रडले. त्या संध्याकाळी सुभद्राबाई पोटभर जेवली.

आता मी शाळेतल्या काचेच्या कपाटात असते. खाली पाटी आहे, 'हिला गोळी लागलेली नाही. मरणाऱ्या मित्रासाठी बर्फ फोडताना हिला हा पोचा पडला.' शेषराव अजून येतात, आणि त्यांच्या गोष्टीत अजून एखादा रणगाडा शिरतोच. पोरं हसतात, तेही हसतात.

मला पुसाल तेव्हा हलक्या हाताने पुसा, आणि पोचा ठोकून सरळ करू नका, एवढंच माझं मागणं आहे. आणि एखादा म्हातारा शिपाई लढाईची गोष्ट सांगू लागला, तर त्याचे रणगाडे खुशाल मोजा, पण तेवढ्यावरून उठून जाऊ नका. बोलता बोलता तो जिथे घाईने पुढे जाईल, तिथे त्याला थांबवा, आणि आधी पाणी द्या.