झाड वाळलं आणि आळ माझ्यावर आला

मी एक जुना झुपका आहे. रंग राखाडी, अंग केसाळ, मुक्काम वसाहतीच्या अंगणातल्या मोठ्या झाडाची तिसरी फांदी. मित्रांनो, लांबून मी पक्ष्याचं मोडकं घरटं वाटतो, पण मी हवेवर जगणारी वनस्पती आहे.

माझं बी वाऱ्यावर उडत आलं आणि सालीच्या भेगेत अडकलं. मला मुळं फुटली ती फक्त धरून बसायला. झाडाच्या रसाला त्यांनी कधी तोंड लावलं नाही. दव, पाऊस आणि हवेतली धूळ एवढ्यावर माझं भागतं. खाली बुंध्यावर, सावलीच्या बाजूला, शेवाळ राहतं. त्याचंही झाडाशी ना घेणं ना देणं. चिमण्या घरट्यासाठी माझे केस उपटून नेत, आणि मला त्याचा अभिमान वाटे. झाडाला मिशा फुटल्या म्हणून येणारेजाणारे हसत, तेही मी कौतुकच समजत असे.

हे झाड माळीकाकांनी लावलेलं, कामाला लागल्यावर त्यांच्या हातचं पहिलं. त्यांचा फार जीव होता त्याच्यावर. दर वर्षी ते बुंध्याशी खतमातीच्या नव्या पाट्या ओतत, ढीग थोपटून गोल करत आणि भोवती विटा रचत. तो ढीग बघायला त्यांनी एकदा बायकोलाही मुद्दाम आणलं होतं.

मग झाडाचे शेंडे वाळू लागले. पानं विरळ झाली, ऊन थेट आत आलं आणि माझी चैन झाली. मी फुगलो, माझी पिल्लं फांदोफांदी पसरली. लोकांनी वर पाहिलं तर फांदी वाळकी आणि तिच्यावर मी गुबगुबीत. सगळे मला बांडगूळ म्हणू लागले. अहो, बांडगूळ झाडात मुळं खुपसून रस पितं, मी नुसता बसतो. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं ठरलं की कोण ऐकतं? झाड लवकर सुधारलं नाही तर तोडायचं, असं वसाहतीच्या बैठकीत ठरलं. काकांना जेवण गोड लागेना.

त्यांनी तारेचा ब्रश काढला. शेवाळ खरवडलं, त्याबरोबर सालही सोलली. शिडी लावून माझी निम्मी पिल्लं पोत्यात भरली. बारीक फांद्यांवरची आमची गर्दी काढली ते बरंच केलं, कारण भिजलो की आम्ही जड होतो आणि वाऱ्यात फांदी मोडते. पण शेंडे वाळायचे काही थांबेनात.

काकांची सून त्यांच्याबरोबरच बागेत काम करायची. बुंध्याच्या तळाशी उरलेलं शेवाळ काढायला ती बसली आणि तिने थोडी माती बाजूला सारली. आतली साल सततच्या ओलीने कुजून इतकी मऊ झाली होती की तिचं बोट रुतलं. तिने आणखी खोल उकरलं, तरी मुळं लागेनात. सासऱ्यांना हे सांगायचं कसं, हा तिच्यापुढे प्रश्न होता.

"बाबा," ती म्हणाली, "बाकीच्या झाडांचे बुंधे खाली पसरलेत. आपलं झाड खांब रोवल्यासारखं सरळ आत गेलंय. याचे पाय मातीत गाडले गेलेत."

"ती माती मी घातली."

"म्हणून तुम्हालाच सांगतेय. दुसऱ्या कुणाला नाही."

काकांनी ब्रश खाली ठेवला. विटा काढल्या आणि खुरपं मुळांना लागू नये म्हणून हातांनीच माती ओढायला सुरुवात केली. संध्याकाळी ते बैठकीत गेले, ढीग आपलाच होता हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि झाडासाठी एक पावसाळा मागून घेतला.

पाऊस होऊन गेला. उघड्या पडलेल्या बुंध्याला वारा लागला, ओली साल सुकली आणि शेंड्यांना पालवी आली. मित्रांनो, झाड आजारी दिसलं तर त्याच्या अंगावर कोण बसलंय ते मागाहून बघा. आधी खाली वाकून त्याचे पाय मोकळे आहेत ना, ते पाहा. आणि तारेचा ब्रश भांड्यांसाठी राहू द्या.

आता पानं दाट झाली आहेत. माझ्या फांदीवर ऊन पोचत नाही, माझी पिल्लं एकेक करून गळून पडली. परवा सुनेने वर बोट दाखवलं. "बाबा, तो झुपका पार रोडावलाय. त्याला ऊन मिळत नाही."

काकांनी वर पाहिलं. "मग झाड बरं झालं," ते म्हणाले.

मला वाईट वाटलं, आणि त्यांच्याइतकाच आनंदही झाला.