सावकाश येणारे ठिपके

"हलला! ताई, बारक्याचा ठिपका हलला बघा!" शिफ्टचे साहेब असे ताडकन उठले की त्यांचा चहा टेबलावर सांडला.

ताईने ते आधीच पाहिलं होतं. सकाळी खाणीत खालच्या बोगद्याचं छत बसलं, तेव्हापासून तिने पडद्यावरून नजर काढली नव्हती. बोगद्याच्या भिंतीवरून एक जाड काळी केबल जाते. तिच्या सालीला बारीक चिरा असतात आणि त्यांतून रेडिओचा सिग्नल वाटभर झिरपत राहतो. प्रत्येकाच्या टोपीतला बिल्ला तो पकडतो आणि माणूस कुठे आहे ते वर ठिपका होऊन दिसतं. ताईची सगळी नोकरी हे ठिपके राखण्यात गेली होती.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. दारातून वाकून आत येणारा दांडगा गडी, पण लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नाही. आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं आणि साहेबांच्या हातापाया पडून तिनेच त्याला इथे चिकटवलं. तो खाली उगाच येरझारा घालायचा. वर त्याचा ठिपका नाचायचा आणि ताई रेडिओवरून खेकसायची, "गाढवा, काम कर!"

आज तो ठिपका सकाळपासून एका जागी खिळला होता. आता बचाव पथकाचे ठिपके त्याला जाऊन भिडले होते आणि सगळे मिळून लिफ्टकडे निघाले होते.

"ताई, येतायत ना हे?" दारात उभ्या असलेल्या बारक्याच्या बायकोने विचारलं.

"येतोय," ताई म्हणाली.

ठिपके फार सावकाश येत होते. जखमी माणूस असला की पथक जिवाच्या आकांताने पळतं, डॉक्टर तयार ठेवा म्हणून रेडिओवर ओरडतं. मेल्याची बातमी मात्र रेडिओवर कुणी देत नाही, खाली सगळ्यांच्याच कानाला तो असतो. तेव्हा पथक गुपचूप चालतं, मधे खांदे बदलायला थांबतं.

ठिपके थांबले.

ताईला राहवलं नाही. तिने बटण दाबलं. "पथक, मी ताई. जरा पळा ना रे! पाया पडते, पळा!"

खरखरीतून पथकाच्या म्होरक्याचा आवाज आला, "हो, ताई."

आणि ठिपके खरंच पळू लागले. साहेबांनी टाळ्या पिटल्या. भावजय रडता रडता हसली. ताई कानात प्राण आणून ऐकत राहिली, पण डॉक्टर कुणीच मागितला नाही. म्होरक्याचं बटण दाबलेलंच राहिलं असावं, नुसती धाप ऐकू येत होती. दिवसभर दगड उपसलेली ती माणसं केवळ तिच्या शब्दाखातर तो भार घेऊन धावत होती.

त्याचं बटण सुटताच तिने आपलं दाबलं. "राहू दे, भाऊ. पळू नका," ती म्हणाली. "पुढे चिखल आहे. सावकाश आणा त्याला."

मागे भावजयीचं हसू थांबलं. मागे वळून न बघता ताईने लिफ्ट खाली सोडली.