पातेल्यातल्या मेणातून

मी एक जुनी, न्यूट्रॉन मोजणारी नळी आहे. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, अंगावर पुसट झालेली रशियन अक्षरे. मित्रांनो, न्यूट्रॉन हा अणूच्या गाभ्यातला कण. तो माझ्या पोटातल्या वायूत अडकला की मी विजेचा बारीकसा झटका देते आणि मला जोडलेला डबा टक् करतो. जन्मभर मी एवढेच काम केले.

सोव्हिएत काळातल्या एका कारखान्यात मला घडवले आणि पेटीत भरून ठेवले. पेटी उघडली तेव्हा तो देशच उरला नव्हता. कोणीतरी मला विकायला काढले आणि मी टपालाने अमेरिकेत, ओहायोतल्या व्हर्लिन स्ट्राउडच्या गॅरेजमध्ये पोहोचले.

व्हर्लिनने चाळीस वर्षे टीव्ही दुरुस्त केले होते. निवृत्त झाल्यावर त्याने अणू जोडण्याचे यंत्र बांधले. फुटबॉलएवढा पोलादी गोळा, आतली हवा उपसलेली, चिमूटभर जड हायड्रोजन सोडलेला आणि प्रचंड दाबाची वीज. आत हायड्रोजनचे गाभे एकमेकांवर आपटतात, त्यातले थोडे जुळतात आणि न्यूट्रॉन सुटतात. वीज मिळायची नाहीच, उलट बिल वाढायचे. पण असे हौशी लोक देशभर आहेत आणि त्यांची एक यादी आहे. न्यूट्रॉन सिद्ध करील त्याचेच नाव तिच्यात चढते. व्हर्लिन एकाहत्तर वर्षांचा होता, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. त्याला त्या यादीत नाव हवे होते, बाकी काही नको होते.

यंत्रातून सुटलेले न्यूट्रॉन इतके वेगात असतात की माझ्यातून आरपार निघून जातात. मेणात ठेचकाळून मंदावले तरच मला सापडतात. म्हणून व्हर्लिनने बायकोचे, जिनीव्हाचे, फळे टिकवण्यासाठी उकळून बाटल्यांत भरण्याचे मोठे पातेले घेतले, मेण वितळवले आणि मला मधोमध उभी करून सगळे थिजू दिले. खरे तर मेणात भोक ठेवायचे असते, नळी आत-बाहेर करता यावी म्हणून. एवढा धीर त्याच्याकडे नव्हता.

"माझं पातेलं कधी मिळणार?" जिनीव्हाने विचारले.

"विज्ञानाला दान केलंस असं समज."

"विज्ञानाला सांग, ऑगस्टमध्ये पीच येतात."

जुलैच्या अगदी अखेरीस यंत्र चालू झाले आणि मी मिनिटाला चारशे टक् दिले. व्हर्लिनने त्याच दिवशी सगळ्यांना कळवले. यादी सांभाळणाऱ्या रूबेन टेस्लरने फोनवर एकच प्रश्न विचारला, "मेण काढून पाहिलंत?" व्हर्लिनला राग आला. "चाळीस वर्षं मीटर वाचतोय मी," तो म्हणाला. रूबेन म्हणाला, "बरं, शनिवारी येतो बघायला."

गुरुवारी पीचची खोकी आली. जिनीव्हाने कोणाला न विचारता पातेले गरम पाण्यात ठेवले, मेणाचा ठोकळा उलटा केला आणि सुरीने कापून मला बाहेर काढले. व्हर्लिनने पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो मला तशीच उघडी घेऊन गॅरेजमध्ये गेला. बहुधा रूबेनचा प्रश्न त्याला टोचत होता. त्याने मला जोडले आणि यंत्र चालू केले.

चारशे.

मेण नाही म्हणजे आकडा कोसळायला हवा होता. तो तसाच राहिला, कारण ते न्यूट्रॉन नव्हतेच. यंत्रात ठिणग्या उडत होत्या आणि त्यांचे झटके माझ्या तारेतून डब्यात शिरत होते. मी खोटे बोलले नव्हते. डब्याला झटका कुठून आला ते कळत नाही, एवढेच.

व्हर्लिनने यंत्र बंद केले. मेण पुन्हा वितळवून मला आत बुडवले असते तर शनिवारी रूबेनला चारशेच दिसले असते. दारात जिनीव्हा उभी होती, हात पीचच्या रसाने चिकट.

"फोन तू करतोस की मी करू?"

"लोक हसतील गं."

"हसू देत. मी आत्तापासूनच हसतेय."

त्याने फोन केला. रूबेन हसला नाही. तो तीन तास गाडी चालवून आलाच. दोघांनी अर्थिंग नीट केले, माझ्या तारेला जाड आवरण घातले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात मेण ओतले, या वेळी भोक ठेवून. यंत्र बंद असताना मी मिनिटाला दोन टक् देत होते. चालू केल्यावर मेणात अडतीस. मेणाबाहेर पाच. पुन्हा आत अडतीसच्या आसपास, पुन्हा बाहेर पाच. रूबेनने वहीत नाव लिहिले. चारशेला नाचलेल्या व्हर्लिनने अडतीसला डोळे पुसले. मला तेव्हा बरे वाटले, हे कबूल करते.

व्हर्लिन जाऊन आता दोन वर्षे झाली. यंत्र एका कॉलेजने नेले, पण जिनीव्हाने मला दिले नाही. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे, त्या पातेल्याशेजारी. त्याचा मेणाचा वास काही जात नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या नळ्यांना आपटू नका, ओलीत ठेवू नका. आणि हवा तोच आकडा मिळाला, तर आनंद करण्याआधी एकदा मेण काढून बघा. व्हर्लिनने माझ्या अंगावर चिकटवलेली चिठ्ठी अजून तशीच आहे. तिच्यावर आधी चारशे लिहिले होते. ते त्याने स्वतःच्या हाताने खोडून खाली अडतीस लिहिले आहे.