नारिनचा एकशिंगी राऊटर

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. रंग पिवळट पडलाय, अँटेना एकच. नारिन गावातल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, उपलकान एजेंच्या, म्हणजे उपलकानताईंच्या, खिडकीत माझं ठाणं आहे. पण मी रडगाणं गाणार नाही. माझ्याजवळ एक फुशारकी आहे आणि ती मी मारणारच!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. बाजारातल्या दुकानात मात्र मी दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. शेजारी सहा-सहा शिंगांचे राऊटर ऐटीत बसायचे आणि गिऱ्हाईक त्यांनाच उचलायचं.

एके दिवशी एजे आल्या. त्या शाळेत कोमुझ शिकवायच्या, आमच्याकडचं ते तीन तारांचं वाद्य. त्यांचे दिवंगत वडील नामांकित वादक. त्यांच्या वादनाचं एकमेव ध्वनिमुद्रण बिश्केकच्या एका संग्रहाच्या संगणकावर होतं आणि तो तीन दिवसांनी कायमचा बंद होणार होता. फाइली भल्यामोठ्या, गावातली लाइन संथ, आणि एजेंचा स्वतःचा संगणक तासाभरात तापून बंद पडणारा.

"हा घ्या एजे, सहा शिंगं!" दुकानदार एर्मेक म्हणाला.

"शिंगं मोजायला मी काय मेंढे घ्यायला आलेय? याला डिस्क जोडता येते? संगणक बंद असला तरी हा आपला आपण फाइली उतरवतो? मध्येच तुटलं तर उरलेलंच घेतो, की परत पहिल्यापासून?"

एर्मेकने डोकं खाजवलं. "तसला एकच आहे. बारा व्होल्टवर चालतो. पण दिसायला..."

"माझा नवराही दिसायला असाच आहे. तीस वर्षं चाललाय. दे."

घरी एजेंचे नवरोबा तुर्गुनबेक मला बघून हसले. "एवढ्याशा डबीसाठी बाजार पालथा घातलास, म्हातारे?"

मी मुकाट्याने कामाला लागलो. दोन दिवस थोडं थोडं डिस्कवर साठवलं. तिसऱ्या संध्याकाळी अगदी थोडं बाकी असताना वीज गेली आणि मी विझलो. पुढचं एजेंनी शंभर वेळा सांगितलंय, म्हणून मला ठाऊक आहे.

त्या मटकन खाली बसल्या. "संपलं. बाबा दुसऱ्यांदा गेले."

तेवढ्यात तुर्गुनबेक धापा टाकत वर आले, हातात गाडीची बॅटरी. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी बाहेर राहते, बॅटरी मात्र घरात निजते, नाहीतर थंडीने मरते.

एजे ताडकन उठल्या. "म्हातारबा, ती इकडे आणा! हा बाराचा, तीही बाराची!"

"अगं, आधीच थकलीये ती. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर?"

"तर चाला. सासऱ्यासाठी चाला!"

लाल तार लालला, काळी काळीला. मी जागा झालो! छतावरच्या लाइनच्या पेटीला स्वतःची बॅटरी होती, म्हणून वाटही उघडी होती. मी उरलेलं तेवढंच मागितलं. संग्रह बंद व्हायला वीस मिनिटं असताना शेवटची फाइल डिस्कवर उतरली. जिंकलो, मित्रांनो, जिंकलो!

एजेंनी जिन्यात हाक दिली, "फोन जोडा रे माझ्या राऊटरला! बाबा वाजवतायत!"

अंधारात पाचही मजल्यांवर कोमुझ घुमू लागला. तुर्गुनबेक गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. सकाळी गाडी काही सुरू झाली नाही. ते बर्फातून पायी निघाले आणि भेटेल त्याला अभिमानाने सांगत गेले, "सासऱ्यांनी चालवलंय!"

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखा कुणी घरी आणताना शिंगं मोजू नका. काय काम करून घ्यायचंय ते आधी ठरवा. आणि आणलात की पडद्यामागे कोंबू नका, अधूनमधून धूळ पुसा.

आजही हिवाळ्यात तुर्गुनबेक बॅटरी वर आणतात. बूट काढण्याआधी ती माझ्याशेजारी ठेवतात आणि म्हणतात, "असू दे जवळ, एकशिंग्या."