माझ्या झाकणावर बसलेला फोन

मित्रांनो, मी एका सुताराची जुनी अवजारपेटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी मनाने फारशी मोठी नाही. माझ्यात दोन करवती, तीन रंधे, पटाशांचा जुडगा आणि काटकोन तपासायचा गुण्या सहज मावतो, पण दुसऱ्याचे कौतुक काही मावत नाही. माझी गोष्ट ऐकताना एवढे सांभाळून घ्या.

मला थोरल्या मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने बनवले. पितळी बिजागऱ्या लावल्या, पण कोपऱ्यांत एकही खिळा मारला नाही. तळाशी त्यांनी एक चोरकप्पा केला. फळीची एक कड बोटाने दाबली की दुसरी वर येते. तो कशासाठी केला हे मी पुढे सांगेन, आत्ता सांगायला लाज वाटते.

त्यांच्या हाताखाली एक तरुण सुतार शिकत होता. त्याला त्यांनी आधी मला दिले आणि मग आपली मुलगी दिली. हा क्रम मी कधी विसरले नाही. वीस वर्षे त्याच्या खांद्यावरून घरोघर फिरले. गिऱ्हाईक म्हणायचे, "पेटीवरून मिस्त्री कळतो." वडिलांची आठवण म्हणून त्याची बायको दर आठवड्याला माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायची.

पुढे या माझ्या मिस्त्रीला दारू लागली. आधी काम संपल्यावर, मग काम सुरू करण्याआधीच. बायको बुटात, गादीखाली, पाण्याच्या टाकीत शोधायची आणि सापडलेली चपटी मोरीत ओतायची. शेवटी त्याने चपटी माझ्या चोरकप्प्यात ठेवायला सुरुवात केली. तिथे ती कधीच सापडली नाही. मी किती फुगले म्हणून सांगू! घरात बायको होती, मुलगी होती, पण त्याचे गुपित होते माझ्या पोटात.

एक दिवस करवतीने त्याच्या अंगठ्याचे टोक नेले. दवाखान्यातून आल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "आता घरात एक जरी बाटली दिसली, तर मी पोरीला घेऊन भावाकडे जाईन. परत यायची नाही."

तेव्हा मुलीने त्याच्या फोनवर एक गट शोधून दिला. त्यातले सगळे दारू सोडलेले, नाही तर सोडू पाहणारे. कोणी कोणाला पाहिलेले नव्हते आणि खरी नावेही नव्हती. एक होता बसवाला, एक होती तिखट आजी. रोज दुपारी दीड वाजता ते बोलायला जमायचे. मिस्त्री आपल्या छोट्या कारखान्यात डबा खाऊन फोन गोंदाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आणि तोही कुठे? माझ्या झाकणावर. उरावर सवत बसवणे म्हणतात ना, ते मी सोसले आहे.

त्याने तिथे नाव घेतले 'गुण्या'. म्हणजे नावही माझ्याच पोटातले काढून त्यांना दिले! माझ्याशी तो वीस वर्षांत "कुठे गेली पटाशी?" यापलीकडे बोलला नव्हता. त्या अनोळखी माणसांना मात्र तो सगळे सांगायचा. हात थरथरतात, आरशात बघवत नाही, मुलीच्या शाळेत पिऊन गेलो होतो. ते विचारायचे, "आज किती दिवस, गुण्या?" तो म्हणायचा, "तेवीस." आणि तिकडून कौतुकाचा पूर. माझी वीस वर्षे कोणी मोजली होती?

तिसाव्या दिवशी तिखट आजीने विचारले, "घरी सगळ्या जागा सांगितल्यास का रे? आपण सगळे एक जागा मागे ठेवतो, अडीअडचणीला म्हणून. माझी शिवणाच्या डब्यात होती. तुझी कुठंय?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "माझी नाही राहिली, आजी."

तो माझ्यासाठी खोटे बोलला होता. त्या दुपारी माझ्याइतके सुखी त्या कारखान्यात कोणी नव्हते.

एक्केचाळिसाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाने कपाटाचे दार परत आणून आपटले. "पिऊन केलंयस का हे?" असे चारचौघांत विचारले. त्याने थेंबही घेतला नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? शेवटी माझ्याकडेच आला ना!

पण झाकण उघडायला आधी फोन उचलावा लागला. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चपटी, असा तो कितीतरी वेळ बसला. मग त्याने बसवाल्याला फोन लावला.

"एक जागा सांगायची राहिली होती."

"उघडलीस का बाटली?"

"नाही. हातात आहे."

"बरं झालं बोललास. पण मी पडलो लांब, इथं डेपोत बसलोय. घरी सांग."

"सांगितलं तर बायको निघून जाईल."

"जाईलही. ते मी कसं सांगू? पण ती जागा तशीच राहिली, तर उद्या पुन्हा तिथंच बसशील."

संध्याकाळी त्याने चपटी परत कप्प्यात ठेवून मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि बायकोसमोर ती फळी दाबली. खाली सील न फोडलेली चपटी होती.

"बाबांच्या पेटीत?" ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. "ही जागा मला लहानपणापासून माहिती होती हो. घर पालथं घातलं, पण इथं कधी हात घातला नाही मी."

आता सांगते. तो कप्पा थोरल्यांनी तिच्यासाठी केला होता. कामावरून येताना ते लाकडाचा पक्षी नाही तर घोडा कोरून त्यात ठेवायचे, आणि ती इवल्या बोटाने फळी दाबायची. हे मला ठाऊक होते. तरी मी चपटी मिरवली. आणि मी न करकरता उघडत होते, ते तिनेच दिलेल्या तेलामुळे.

मग तिने चपटी त्याच्यापुढे सरकवली. "तुम्हीच ओता." मुलीने वास जायला खिडकी उघडली. बायको गेली नाही, पण महिनाभर कामापुरतेच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने चोरकप्प्याची फळी काढून टाकली आणि तिच्यापासून फोन ठेवायचा स्टँड केला. म्हणजे माझीच फळी, आणि तिच्यावर तो! गटात कोणी नवे आले की आता मिस्त्रीच विचारतो, "शेवटची जागा कुठली?" माझा अजून जळफळाट होतो.

मित्रांनो, अवजारे पुसून ठेवा, पेटीला तेल द्या, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरी कोणी काही लपवत असेल, तर पेटीच्या भरवशावर राहू नका. पेटी गप्प बसते आणि वर त्याचाच तोरा मिरवते. त्या माणसाला बोलते करा. तो परक्यांशी बोलला, तरी माझ्यासारखे रुसू नका.

परवा बायकोने एक कान तुटलेला लाकडी घोडा आणून माझ्या तळाशी ठेवला. आता झाकण उघडले की तो सगळ्यांना दिसतो.