गाडी चढावर हळू व्हायची

मित्रांनो, मला कुणी धक्का दिलेला नाही, मी आपसूकच हलतो. मी एक जुना दुधाचा कॅन आहे. अंगावर पोचे पडलेत, झाकणाची साखळी बदलून झाली आहे आणि कडेचा पत्रा गंजायला लागलाय. पण माझी खोड जन्मापासूनची आहे. हिंगोलीच्या ज्या पत्रेवाल्याने मला घडवलं, त्याचा हातोडा माझ्या बुडावर जरा जास्तच चालला. बूड सपाट व्हायच्या ऐवजी फुगीर झालं. कुठेही ठेवा, मी डुलणारच. माणसांच्या पायाला भिंगरी असते, माझ्या बुडाला आहे.

दुकानातले सरळ उभे राहणारे कॅन भराभर विकले गेले. मी कोपऱ्यात डुलत वाट बघत राहिलो, आणि वाट बघणं मला कधीच जमलेलं नाही. एके दिवशी घेरदार लेहंगा आणि हातभर बांगड्या घातलेली एक बाई दुकानात आली. तिने मला टिचकी मारली. मी डुललो, झाकण खुळखुळलं. पत्रेवाला ओशाळला आणि दुसरा कॅन पुढे करू लागला.

"ह्योच द्या," ती म्हणाली. "हा झोपायचा न्हाई."

ही रुख्मिणीबाई. नव्वद साल उजाडून एखाद-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. तिचं घर वसमत आणि हिंगोलीच्या मधल्या एका माळावर, तांड्यात. त्या माळावरून मीटरगेजची छोटी लाईन जायची आणि तिथेच तिला चढ लागायचा, म्हणून सगळे त्याला चढाचा तांडा म्हणत. तांड्याला स्टेशन नव्हतं. कुणी कधी मागितलंही नव्हतं, कारण चढावर आलं की इंजिन असं धापा टाकायचं की गाडी माणसाच्या चालीने चालायची. तेवढं पुरे होतं. डोक्यावर कॅन घेतलेल्या बायका रुळाच्या कडेने दोन-चार पावलं धावायच्या, दांड्याला हात घालायच्या आणि आत. मला आकड्याने खिडकीच्या गजाला अडकवायचं, की झालं. उतरणंही तसंच. दुपारी परतीची गाडी वळणावर हळू झाली, की पेंडीच्या पिशव्या आधी खाली आणि मागोमाग बाया. लहानपणापासूनची सवय होती ती त्यांची. तुम्ही मात्र असं कधी करू नका.

माझी खरी किंमत कळली ती त्या चढावर. रुख्मिणीबाई मला रुळाजवळच्या दगडावर ठेवायची. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली, की जमीन अगदी बारीक थरथरायची. माणसांना ते कळायचं नाही, मला मात्र बुडापासून कळायचं. माझं झाकण वाजायला लागायचं. मग गप्पा मारत बसलेल्या बायका पदर खोचायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "उठा गं, कॅन बोलला."

मग हिंगोली. स्टेशनापासून बाजारापर्यंतची हॉटेलं, त्यांचे ओळखीचे ओटे. गाडीत कुरुंद्याकडच्या हळदीचा वास असायचा, नर्सीच्या देवळाला निघालेल्या वारकऱ्यांचे अभंग असायचे आणि खिडकीबाहेर लटकत मी सगळं ऐकत जायचो. एक हॉटेलवाला रोज कुरकुरायचा, की माझ्या डुलण्याने दुधावर लोण्याचे कण येतात. पण दूध आमच्याकडूनच घ्यायचा. ते दिवस मला फार आवडायचे.

तांड्याचे म्हातारे नायक, म्हणजे प्रमुख, होते थावरा. ते चढाशेजारच्या लिंबाखाली बसायचे. त्यांच्या आजा-पणजाचा धंदा लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर न्यायचं. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसे थावरा नायक गाडीकडे बघायचे.

"हिनं आमचे बैल बसवले," ते म्हणायचे. "आता आमाला फुकट फिरवून राहिली. काहून फिरवून राहिली, ते इचारा कोणी."

कुणी विचारलं नाही. दोन हजार साल मागे पडलं आणि बातमी आली, की छोटी लाईन काढून मोठी लाईन टाकणार. सगळे हरखले. मोठी लाईन म्हणजे मोठी गाडी, मोठी गाडी म्हणजे जास्त डबे, म्हणजे कॅन अडकवायला जास्त खिडक्या, असा तांड्याचा सरळ हिशोब. त्यात आणखी एक आनंद. मोठ्या लाईनीला चढ चालत नाही म्हणे, तो खांदून सपाट करायचा होता, आणि खांदायला माणसं तांड्यातलीच घेणार होते.

रुख्मिणीबाईचा मुलगा अमरसिंग त्या कामात सगळ्यांत पुढे. अंगाने दणकट, बोलायला कमी. त्याला दुधाचा कॅन उचलायची लाज वाटायची, पण कुदळ हातात आली की हसायचा. सकाळी बापे माळ पोखरायचे, दुपारी बाया भाकरी घेऊन जायच्या. मुरूम निघाला की ट्रॅक्टर भरून जायचा. मी घरात दाराशी डुलत ते ऐकायचो. छोटी गाडी तेव्हा बंद झाली होती आणि रुख्मिणीबाई दुधाचा खवा करून आठवड्याला जीपने नेत होती. मला काम नव्हतं. माझ्यात कधी ज्वारी ठेवत, कधी काहीच नाही. रिकामा कॅन जास्त डुलतो, मित्रांनो. रात्री कुत्रं दारातून गेलं तरी मला गाडीच वाटायची.

असं करत करत रूळ पडले. पहिली मोठी गाडी येणार, त्या सकाळी रुख्मिणीबाईने मला राखेने घासून लख्ख केलं. सगळा तांडा रुळाकडे निघाला. बायांनी नवी लुगडी, नवे लेहंगे काढले होते. दूध भरलेले कॅन ओळीने ठेवले. मला जुन्याच दगडावर ठेवलं. माझं झाकण वाजलं, पण ते नेहमीसारखं बारीक नाही, ठणठणा वाजलं. "कॅन बोलला," कुणीतरी म्हणालं आणि बायांनी पदर खोचले.

गाडी आली आणि गेली. मधे काही नाही. वाऱ्याने ओढण्या उडाल्या, मी दगडावरून कलंडलो आणि अर्धं दूध खडीत गेलं. गाडीने वेग कमी केलाच नाही. कमी करायला तिला कारणच उरलं नव्हतं.

मग अमरसिंग रुळाकडे बघत म्हणाला, "याडी, चढ तर आपणच खांदला." याडी म्हणजे आई. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं कशाला म्हणतात, ते मी त्या सकाळी पाहिलं. थावरा नायक हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून मला सरळ केलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की माझं झाकण अजून वाजतं. दिवसातून किती गाड्या त्या माळावरून गेल्या, त्यांतली एकही आमची नव्हती. खव्याला जीपचं भाडं परवडेना, दूध घरात फाटू लागलं. जवळचं स्टेशन दोन कोस दूर. तिथे नवा फलाट झाला होता आणि स्टेशनालगतच्या शेतांचे प्लॉट पडले होते. शेजारच्या गावचे उत्तमराव पाटील, त्यांचीही जमीन त्यात गेली होती. पैसा आला, पण माणूस कावराबावरा झाला होता. सकाळी उठून जायला रान उरलं नव्हतं. एकदा ते तांड्यावर आले.

"रुख्मिणीबाई, म्हशी घेऊन तिकडंच या," ते म्हणाले. "मी प्लॉटातला कोपरा देतो. नवीन घरं झाली, दूध तिथंच खपतंय. इथं बसून काहून तकलीफ सोसून राहिलात?"

"तिकडं म्हशीला चरायला काय हाय, भाऊ?" रुख्मिणीबाईने विचारलं.

उत्तमरावांनी पलीकडे बघितलं. "काही न्हाई," ते म्हणाले.

अमरसिंगनेही मनात काही ठरवलं होतं. एका मुकादमाने त्याला लांबच्या शहरात खोदकामाला बोलावलं होतं. जुनी गाडी माणसं सकाळी न्यायची आणि दुपारी आणून सोडायची. ही नवी गाडी न्यायची तेवढी. तांड्यातली दोन घरं अशीच कुलपं लावून गेली होती. अमरसिंग आईला म्हणाला, "पोळ्यापर्यंत बघतो. गाडी थांबली न्हाई तर म्हशी इकून टाकू. तूबी चल."

रुख्मिणीबाई गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. त्या दिवसापासून मला एकाच गोष्टीची धास्ती लागली, की पोळा येईल.

मग गाडी तांड्यावर थांबवा म्हणून सांगायला सगळे मिळून हिंगोलीला रेल्वेच्या साहेबांकडे गेले. रुख्मिणीबाईने मला बरोबर नेलं, का ते तिलाच ठाऊक. साहेब भला माणूस होता. त्याने सगळ्यांना पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं आणि कागद चाळून म्हणाला, "पण तुमच्या तांड्यावरून आजवर कुणी प्रवास केल्याची नोंदच नाही. एकही तिकीट नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बरोबर होतं की ते. तिकीट काढायला खिडकी नव्हती, कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. इतकी वर्षं रोज गेलेला तांडा कागदावर घराबाहेरच पडलेला नव्हता.

थावरा नायक काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, "साहेब, जुन्या गाडीला आमी माहीत होतो. नव्या गाडीची ओळख व्हायची हाय."

साहेब हसला. म्हणाला, "मग ओळख करून द्या. स्टेशनावर जाऊन रोज तिकीट काढा. माणसं दिसली तर मी वर लिहू शकतो. वचन देत नाही."

आणि तांडा चालायला लागला. रोज पहाटे माळ उतरून, दोन कोस, स्टेशनापर्यंत. पुढे थावरा नायक बैलगाडीत, मागे बाया, आणि सगळ्यांत शेवटी खांद्यावर मला घेतलेला अमरसिंग. ज्याला माझी लाज वाटायची तोच. माझं बूड फुगीर असल्याने त्याच्या खांद्याला रुतायचं, आणि तरी त्याने मला कधी दुसऱ्याकडे दिलं नाही. पावसाचा चिखल, पहाटेचं धुकं. उत्तमराव त्यांच्या प्लॉटांपुढे उभे राहून हात करायचे. पुढे पुढे तेही आमच्याबरोबर तिकीट काढून हिंगोलीला यायला लागले. काम काही नसायचं. म्हणायचे, "घरात बसून काय करू?"

पोळा आला. गाडी थांबली नव्हती. त्या संध्याकाळी अमरसिंगने म्हशींच्या शिंगांना रंग दिला आणि रुख्मिणीबाई दारात उभी राहून बघत राहिली. मीही बघत होतो. शहराचं काय, म्हशींचं काय, तो विषय कुणी काढलाच नाही. शेवटी तिनेच विचारलं, "मुकादमाला काय सांगितलं?"

"उद्याचं तिकीट काढायचं हाय म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "हिंगोलीचं."

रुख्मिणीबाई रडली. मी इतक्या वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात माळावर खडीचा एक लांब ओटा झाला, पत्र्याचं छप्पर आलं, पाटी लागली आणि तिकिटाची खिडकी आली. सकाळची पॅसेंजर आणि दुपारची परतीची, दोन्ही एक मिनिट थांबणार. तोवर मी गळायला लागलो होतो. रुख्मिणीबाईने दुधाला नवा कॅन घेतला आणि माझं भोक बुजवून, पाणी भरून, मला त्या ओट्यावर ठेवलं. नळ नव्हताच.

पहिल्या दिवशी माझं झाकण वाजलं. बायांनी पदर खोचले. गाडी आली, हळू झाली, आणि चक्क उभी राहिली. पण कुणी चढेना. गाडी उभी, आणि तिच्यापुढे कॅन डोक्यावर घेतलेल्या बाया उभ्या. गार्डने डोकं बाहेर काढलं.

"अहो बाई, चढा की. कशाची वाट बघता?"

रुख्मिणीबाईने त्याच्याकडे पाहिलं. "जरा हालू तर द्या," ती म्हणाली. "उभ्या गाडीत आमी कधी चढलो न्हाई."

थावरा नायक इतके हसले की त्यांना खोकला आला. अमरसिंगने मग आईचा हात धरला, पायरी दाखवली आणि तिला सावकाश वर चढवलं, एखाद्या लेकराला चढवतात तसं. आयुष्यभर धावत्या गाडीत चढलेली ती बाई उभ्या गाडीत चढताना घाबरली होती. दारातून तिने वळून माझ्याकडे बघितलं.

मित्रांनो, आता मी इथेच असतो. माझ्यातलं पाणी खुशाल प्या, पण झाकण लावत जा, आणि सांडलं तर कुणाला तरी भरायला सांगा. मला सरळ करायचा प्रयत्न करू नका, ते होणार नाही. आणि एक विनंती आहे. एखाद्या दिवशी खिडकीवर गर्दी असेल, कंटाळा येईल, एकाच स्टेशनापर्यंत तर जायचंय असं मनात येईल. तरीही तिकीट काढूनच चढा. या माळावर माणसं राहतात, ती जातात आणि परत येतात, हे गाडीला रोज कळलं पाहिजे. ही ओळख मिळवायला एका पोराच्या खांद्याला माझ्या बुडाचा घट्टा पडलाय.

आता उठा. झाकण वाजायला लागलंय.