हफ्सा मेली ती खोली

"ताई, हफ्सा ज्या खोलीत गेली, ती खोली बघायला मिळेल का?"

पुण्याहून येऊन वरच्या खोलीत उतरलेल्या बाई दबक्या आवाजात विचारत होत्या. डोळे आधीच भरलेले. मी काउंटरमागे चाव्यांचा जुडगा घेऊन उभी, आणि मागच्या पडवीत हफ्सा कोलंबी सोलता सोलता सिलिंडरवाल्याशी भांडत होती. तिचा आवाज चांगला रस्त्यापर्यंत जात होता. मी म्हटलं, "त्या खोलीत गिऱ्हाईक आहे." बाईंनी माझा हात दाबला. "तुम्हीच ताहेरा ना? किती सोसलंत हो."

मी ताहेरा नाही. मी तैयबा. मुरुडला समुद्रामागच्या गल्लीत आमचा छोटासा लॉज आहे, तो मी चालवते आणि स्वयंपाकघर माझी मधली बहीण हफ्सा सांभाळते. ताहेरा ही आमच्या धाकटीच्या, आतिफाच्या कादंबरीतली बाई. ती पाहुण्यांना कालचीच चहापत्ती पुन्हा उकळून देते. असलं मी जन्मात केलेलं नाही. पण छापून आलं की लोकांना ते खरं वाटतं, आणि आता प्रत्येक नवं गिऱ्हाईक चहाचा पहिला घोट घेताना माझ्याकडे बघतं. माझं डोकं उठतं.

हे सगळं एका पुस्तकापायी झालं. आम्ही लहान असताना अब्बा कुवेतला होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी मुंबईत रद्दीच्या दुकानातून एक पुस्तक आणलं. कव्हर फाटलेलं, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. कुठल्यातरी थंड मुलखातल्या पाणचक्कीवाल्याच्या तीन मुलींची गोष्ट होती. थोरली करडी, धाकटी हुशार, आणि मधली गरीब गाय, जी तापाने मरते. आम्ही त्या पुस्तकाची पारायणं केली. ओटीवर त्याचं नाटक करायचो. थोरली मी, धाकटी आतिफा, आणि दरवेळी मरायचं कोण, तर हफ्सा. तिला चादरीखाली झोपवून आम्ही दोघी लांबलचक भाषणं करायचो. एकदा ती खरंच झोपून गेली आणि आमचं भाषण संपलं तरी उठेना, तेव्हा अम्मीने आम्हा दोघींना झोडलं होतं. कारण हफ्साला त्या वर्षी खरोखरच सांधे धरायचा ताप आला होता, हृदयावर परिणाम झाला होता, आणि पुढे बरीच वर्षं दर महिन्याला तिला अलिबागला इंजेक्शनला न्यावं लागायचं.

आतिफा पुढे वाशीला गेली, कॉलेजात शिकवायला लागली. तिथे तिला सुचलं की ते लहानपणीचं लाडकं पुस्तक आपल्या किनाऱ्यावर आणून नव्याने लिहावं. "खारवाऱ्यातल्या तिघी". पाणचक्कीच्या जागी लॉज, बर्फाच्या जागी मुरुडचा पाऊस. खोटं कशाला बोलू, पहिला अर्धा भाग वाचताना मी रडले. मग ताहेरा आली. माझं नाव तिने बदललं, स्वतःचं बदललं, पण मधलीचं नाव हफ्साच ठेवलं. का, तर म्हणे दुसरं कुठलंच नाव तिला शोभेना. आणि शेवटाकडे, समुद्राच्या खिडकीपाशी, पहाटेच्या अजानला, तिने हफ्साला मारून टाकलं. वर पेपरात मुलाखत दिली, त्यात आमच्या लॉजचं नाव सांगितलं. आमच्या एकाही खोलीतून समुद्र दिसत नाही. शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते.

हे सगळं मी गिळलं असतं. पण त्याच सुमारास हफ्साचं लग्न जुळत आलं होतं.

पोरगा दिघीचा, तबरेज. न्हावा शेव्याला जहाजं ओढणाऱ्या टगवर नोकरी. बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. आमच्या खलीलमामूंनी विषय काढला आणि पुढचं सगळं मी केलं. त्याच्या आईला, मैमूनाखालांना, मी फोनवर सांगितलं की आमची हफ्सा वीस माणसांचं जेवण एकटी करते, कुठे जात नाही, काही मागत नाही, उलट बोलत नाही. तापाचं तेवढं सांगितलं नाही. खाला खूश होत्या. येऊन पक्कं करते म्हणाल्या. आणि मग एकदम गप्प. फोन नाही, निरोप नाही. मी खलीलमामूंना विचारलं, तर त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. माझा जीव टांगणीला लागला. हे जुळलं नाही तर हफ्साला पुन्हा कोण बघायला येणार होतं?

शनिवारी आतिफा आली, हातात दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती घेऊन. तिने बॅग खाली ठेवण्याआधीच मी सुरू झाले.

"तुला तिला मारायची गरज काय होती?"

"आपा, मूळ पुस्तकात मधली मरतेच. तोच तर त्याचा गाभा आहे."

"गाभा गेला खड्ड्यात. पाणचक्की बदललीस, बर्फ बदललास, तेवढं एक मरण बदलता आलं नाही तुला?"

"ती कादंबरी आहे, आपा. लोकांना कळतं."

"लोक खोली बघायला येतायत!"

हफ्सा आत भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "चहा गार होतोय दोघींचा." तेवढंच. तिला राग आलाय की नाही हे मला तिच्या तोंडावरून कधीच कळलेलं नाही, आणि त्या दिवशी तर मला तेवढा वेळही नव्हता.

रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. मैमूनाखाला! दिघीहून बोटीने आगरदांड्याच्या जेट्टीला उतरून आलेल्या, सोबत फडक्यात बांधलेले दोन मोठे टोप. माझ्या जिवात जीव आला. रिकाम्या हाताने नकार द्यायला येतात, टोप घेऊन कोण येतं? बिर्याणी असणार. मी आतिफाला ढकललं, "ओढणी घे डोक्यावर, हफ्साला तयार कर, जा." आणि धावत बाहेर गेले.

खाला पांढरी ओढणी घेऊन उतरल्या आणि मला बघताच गळ्यात पडून रडायला लागल्या. मीही रडले. म्हटलं, आनंदाचं रडणं असेल. आधीच माझे डोळे कुठल्याही निमित्ताला तयार असतात.

"सबर कर गो बाय," खाला म्हणाल्या. "अल्लाची मर्जी."

"व्हय खाला, त्याचीच मर्जी," मी म्हटलं.

आत आणून बसवलं. टोपाचं झाकण उघडलं. बिर्याणी नव्हती. एकात पांढरा भात, दुसऱ्यात साधी डाळ, वर तळलेला कांदासुद्धा नाही. मी त्या डाळीकडे बघत राहिले. असं जेवण आमच्याकडे एकाच घरी नेतात. ज्या घरात मयत झालेली असते, तिथे चूल पेटवायची नसते, म्हणून.

"कसं झालं गो?" खाला डोळे पुसत म्हणाल्या. "कुवेतच्या भाचीने फोनवर आवाज भरून धाडला. रडत होती पोरगी. म्हणे, हफ्सा फजरच्या अजानला गेली, खिडकीशी. मुरुडच्या लॉजात. मी म्हटलं, मयतीच्या घरी फोन करून काय विचारायचं? जावं माणसानं."

भाचीने पुस्तकातलं पान वाचून पाठवलं होतं. खालांनी ते बातमी म्हणून ऐकलं होतं. मी आतिफाकडे बघितलं. तिच्या तोंडावर आधी शरम होती आणि मग, अल्लाची शपथ, थोडा आनंद. आपलं लिहिणं एवढं खरं वाटलं म्हणून! मी तिला तिथेच चिमटा काढला.

तेवढ्यात हफ्सा ट्रे घेऊन आली. नवा फिरोजी ड्रेस, कपाळावर पिठाचा डाग. "सलाम, खाला. चहा घ्या."

खाला किंचाळल्या. हातातला पाण्याचा पेला पडला. मग सगळं समजावून सांगण्यात बराच वेळ गेला, आणि ते समजावणं आतिफावर सोडलं ही माझी चूक झाली, कारण तिने मूळ पुस्तक, पुनर्कथन वगैरे सुरू केलं. शेवटी मी म्हटलं, "खाला, माझ्या या शहाण्या बहिणीने गोष्ट लिहिली आणि गोष्टीत तिला मारली. बस."

खालांनी हफ्साच्या दंडाला हात लावून बघितला. मग त्यांचा चेहरा बदलला.

"त्या गोष्टीत दिलाच्या बिमारीचं होतं. ती तरी खोटी ना?"

"साफ खोटी," मी म्हटलं.

"खरी आहे," हफ्सा म्हणाली. "लहानपणी होती. इंजेक्शनं संपली, डॉक्टरांनी बरी झाली म्हणून सोडलं. कागद आहेत."

खाला माझ्याकडे वळल्या. "मी पोराची आई हाय. मला आधी कळायला नको?"

सगळं संपलं असं वाटलं, आणि माझा सगळा राग आतिफावर निघाला. "बघ काय केलंस ते! आयुष्यात एकदा तिचं काही होत होतं."

आतिफा रडायला लागली. "मी तिच्यावर प्रेमानेच लिहिलं, आपा. अख्ख्या पुस्तकात सगळ्यात सुंदर तीच आहे. ती कुणाकडे काही मागत नाही..."

"हेच मी खालांना सांगत होते, तूही तेच..." मी म्हटलं आणि थांबले.

हफ्साने ट्रे जमिनीवर ठेवला. जोरात. कप नाचले.

"झालं तुम्हा दोघींचं? लहानपणी पण असंच. मी चादरीखाली आणि तुमची भाषणं." ती आतिफाकडे वळली. "तू सांग, मी का मेले? पुस्तकात आहे म्हणून? तू बाकी सगळं बदललंस. तुला माझं पुढचं काही सुचलंच नाही, म्हणून मारलंस. थोरलीचा लॉज आहे, धाकटीचं कॉलेज आहे, आणि हफ्साचं काय, तर कोलंबी. एकदा फोन करून विचारायचं होतंस, हफ्सा, तुला काय हवंय."

फोनवर मी खालांना जे जे सांगितलं होतं ते सगळं मला ऐकू येत होतं. मी तर एकाच घरात राहून विचारलं नव्हतं.

खाला घसा साफ करून म्हणाल्या, "तबरेजला मी अजून न्हाय सांगितलंय काही. टगवर हाय. म्हटलं, घरी आला की समोर बसवून सांगावं."

"तो काल बोलला की माझ्याशी," हफ्सा म्हणाली.

"कोण?"

"तबरेज. रोज बोलतो."

मी खाली बसले. मग कळलं ते असं. मागच्या वर्षी मित्रांबरोबर तो आमच्याकडे उतरला होता, खेकड्याचं कालवण कुणी केलं विचारत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथेच पाटावर बसून जेवला. तेव्हापासून फोन. खलीलमामूंना विषय काढायला त्यानेच सांगितलं होतं. तापाचं त्याला पहिल्याच महिन्यात माहीत होतं. आणि मी इतके दिवस समजत होते की हे लग्न मी जुळवतेय!

"मला सांगितलं का नाहीस?" आतिफा आणि मी एकदम म्हणालो.

"विचारलंत कधी?"

खालांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे त्याला ठाऊक, हिला ठाऊक. मीच येडी, टोप मांडीवर घेऊन बोटीत रडत आले! सगळी बोट माझ्याबरोबर दुआ करीत होती!" मग त्यांनी हफ्साला जवळ बसवलं. आवाज खाली आला. "तुला हवाय काय गो माझा पोर?"

"हवाय," हफ्सा म्हणाली. "पण जेवणाचं काम मी सोडणार नाही. तिकडे दिघीला खानावळ घालीन. आणि मला उलट बोलता येतं, आपाने चुकीचं सांगितलंय."

"ताटं आण," खाला म्हणाल्या. "अन्न हाय, टाकायचं न्हाय."

दस्तरखान अंथरलं आणि आम्ही चौघी हफ्साच्या मयतीचं जेवण जेवलो. सगळ्यात जास्त हफ्सा जेवली. डाळीत मीठ कमी आहे म्हणाली, उठून सुकटीची चटणी घेऊन आली, आणि खालांनी ती दोनदा घेतली.

मी टोप घासायला उचलले. आमच्यात एरवी कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, साखर तरी घालतात. फक्त मयतीच्या घरून भांडं रिकामं जातं. आता यात काय घालावं, की काहीच घालू नये, मला कळेना.

"ठेव ते तिथंच," खाला चपला घालत म्हणाल्या. "मी न्हाय नेत. तबरेज येईल न्यायला. भरून ठेवा."

रिक्षा गेली. हफ्सा आत गेली आणि तिने दार लावून घेतलं, फोन करायला असणार. आतिफा दुसऱ्या आवृत्तीची प्रत हातात घेऊन उभी होती. "आपा, तिसऱ्या आवृत्तीत शेवट बदलू का गं? ती जगते, खानावळ काढते, असं..."

मला इतका संताप आला की मी चाव्यांचा जुडगा काउंटरवर आपटला. नेमक्या त्याच वेळी पुण्याच्या बाई जिन्यावरून खाली आल्या, हातात पांढरी फुलं. आज तरी खोली बघता येईल का, हफ्साबद्दल थोडं सांगाल का, म्हणाल्या.

मी दोघींना एकदमच बंद दार दाखवलं. "आत आहे. तिलाच विचारा."